बालरुग्णालय कोणाला दाखवायचे?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर अलीकडे दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. वळत वळत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या तिच्या पायऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, मोबाइलवरून फिरली, आणि ज्यांनी मराठवाड्यात कधी पाऊल ठेवले नाही अशांनीही ती बारव पाहिली. जुन्या वास्तूचे भाग्य असे उजळले ही चांगलीच गोष्ट. पण ही वाहतूक एकाच दिशेने चालते. शहराला वालूर घरबसल्या दिसते. वालूरला शहरातले जे दिसायला हवे ते दिसत नाही. गावातल्या एखाद्या लेकराच्या हृदयाला छिद्र निघाले, तर त्याच्या आईबापाला सेलू, परभणी आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा थेट मुंबई असे जावे लागते, आणि ज्या इमारतीत लेकराला घेऊन शिरायचे ती त्यांनी चित्रातही पाहिलेली नसते. केसपेपर कुठे निघतो, आईला रात्री मुलापाशी राहू देतात का, बापाने कुठे पडायचे, या प्रश्नांची उत्तरे दारात पोचल्यावर, तीही रांगेतल्या कोणाकडून तरी मिळतात. फोनच्या पडद्यावर बोट फिरवत अख्खी इमारत चौफेर पाहता येईल अशी बालरुग्णालयाची व्हर्च्युअल टूर करणे आज अवघड राहिलेले नाही. तंत्र नवे आहे, पण बालरुग्णालय लोकांना दाखवण्याची धडपड पावणेदोनशे वर्षांची आहे. त्या इतिहासातून एक गोष्ट निघते. रुग्णालय बहुतेक वेळा देणाऱ्याला, राज्यकर्त्याला किंवा गिऱ्हाइकाला दाखवले गेले, मुलाला आणि त्याच्या आईला क्वचितच. आणि जेव्हा ते मुलाच्या बाजूने दाखवले गेले, तेव्हा रुग्णालयालाच बदलावे लागले.

चौफेर पाहण्याची हौस मुळात करमणुकीतून आली. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये अशा चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभारली. प्रेक्षकाने मधल्या ओट्यावर उभे राहायचे, सभोवार भिंतभर एकसंध चित्र, आणि नजर कुठेही वळवली तरी चौकट म्हणून लागायची नाही. १८०० मध्ये रॉबर्ट केर पोर्टरने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे प्रचंड चित्र लंडनमध्ये मांडले. टिपू सुलतान पडून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. तिकीट काढलेला लंडनकर त्या चित्रामुळे लढाईत उभा राहिला, अंगाला ओरखडा न येता. चौफेर चित्राची ताकद यातच आहे आणि खोटही यातच आहे. ते पाहणाऱ्याला मध्यभागी ठेवते, मग ज्याचे चित्र आहे त्याचे काहीही होवो. आपल्याकडे कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ केले, गाणी आणि निवेदनासह. पटवर्धन पितापुत्र ती पेटी घेऊन लोकांकडे जात, हा फरक मला लहान वाटत नाही.

बालरुग्णालयाची पहिली गाजलेली ‘टूर’ शब्दांतली आहे. पॅरिसमध्ये मुलांचे स्वतंत्र रुग्णालय १८०२ मध्येच निघाले होते. लंडनला त्यानंतर पन्नास वर्षे लागली. डॉ. चार्ल्स वेस्ट यांच्या खटपटीने १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात १० खाटांचे बालरुग्णालय सुरू झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये चार्ल्स डिकन्स आणि हेन्री मॉर्ले यांनी डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात ‘ड्रूपिंग बड्‌स’ नावाचा लेख लिहिला. लंडनमध्ये किती लहान मुले मरतात हे आधी सांगून लेखक वाचकाला त्या घरात नेतात आणि आत फिरवतात. आज जे काम कॅमेरा करतो ते तेव्हा गद्याने केले. ते कोणासाठी केले हे ९ फेब्रुवारी १८५८ च्या मेजवानीत उघडच झाले. त्या रात्री रुग्णालयाच्या मदतीसाठी डिकन्स बोलला आणि तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. शेजारचे घर घेऊन रुग्णालय वाढवता आले. म्हणजे हा लेख आणि हे भाषण सत्कारणी लागले, यात शंका नाही. मात्र ज्या गल्लीबोळांतली मुले तिथे येणार होती, त्यांच्या आयांनी तो लेख वाचावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. लेखातले मूल पाहायचे होते देणगीदाराने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला तर मुलांची वेगळी रुग्णालयेच फारशी पसंत नव्हती. मोठ्यांच्या कक्षात शेजारच्या खाटेवरची बाई मुलाकडे आपोआप लक्ष देते, ते वेगळ्या रुग्णालयात कोण देणार, असा तिचा सवाल होता. तिचे म्हणणे मागे पडले. त्यातला खोचक भाग मात्र शंभर वर्षांनी पुन्हा वर आला.

मुंबईत प्रश्न उलटा होता. कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय १८८६ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी उघडले. त्यासाठी चळवळ करणाऱ्या मंडळींची, म्हणजे अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रिज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांची, मुख्य अटच अशी होती की तिथे उपचार स्त्री डॉक्टरांनी करायचे. एडिथ पीची त्यासाठीच १८८३ च्या अखेरीस इंग्लंडहून आल्या. बायका दवाखान्यात जात नाहीत याचे मोठे कारण परक्या पुरुषाच्या नजरेस पडणे हे होते, आणि रुग्णालयाची सगळी आखणीच त्या नजरेला आडोसा म्हणून झाली. आज प्रसूतिकक्षात किंवा बालकक्षात कॅमेरा नेणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा. ज्या संस्थेचा पाया नजरेपासून संरक्षण हा होता, तिथे नजर आणायची तर ती कोणाची आणि कोणासाठी, याचा जबाब आधी द्यावा लागेल.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयाची गोष्ट बरीच ऐकलेली आहे. कुसरो आणि नेस वाडिया या गिरणीमालक भावांनी वडिलांच्या नावाने १९२६ मध्ये प्रसूतिगृह आणि आईच्या नावाने १९२९ मध्ये मुलांचे रुग्णालय उभारले. गिरणगावात त्याची गरज किती होती ते १९२१ च्या आकड्यांवरून कळते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे आठशेहून अधिक अर्भके दगावली असे ते आकडे सांगतात. हा आकडा फुगलेला आहे. जन्माच्या नोंदी अपुऱ्या होत्या, बाळंतपणाला बायका गावी जात, त्यामुळे जन्म गावाकडे आणि मृत्यू मुंबईत अशी विभागणी होई. पण निम्म्याने कमी केला तरी तो भयंकरच राहतो. रुग्णालय झाले, लाखो मुले तिथून बरी होऊन गेली. तरी त्या काळातल्या अशा संस्थांची चित्रे पाहा, मुंबईतल्या काय किंवा इतर कुठल्या काय: दर्शनी इमारत, कोनशिला, दात्याचे तैलचित्र, ओळीने मांडलेल्या पांढऱ्या खाटा. दात्याबद्दल कृतज्ञता असावीच. मात्र गिरणीतली पाळी सोडून मुलाला घेऊन धावणाऱ्या बाईला ज्या वाटेने आत जावे लागे, त्या वाटेचे चित्र काढावे असे कोणाला सुचले नाही.

वालूरचा मुंबईशी तेव्हा संबंध नव्हता. परभणी निजामाच्या राज्यात होती आणि मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या मनमाड-हैदराबाद लोहमार्गावर सेलूचे स्टेशन असल्याने ती वाट निदान रुळांची तरी होती. या भागाची छायाचित्रे राज्यकर्त्यांनी घेतली नाहीत असे नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात लाला दीनदयाळ यांच्या स्टुडिओने औरंगाबाद भागातल्या हाडांचे सापळे झालेल्या माणसांची आणि दुष्काळी कामांची छायाचित्रे टिपली. मराठवाड्याचे उपाशी शरीर कॅमेऱ्यापुढे आले ते असे, सरकारने काय केले त्याची नोंद म्हणून. पुढे १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने अफझलगंजचे सरकारी रुग्णालय उद्‌ध्वस्त केले आणि त्याच भागात उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची भव्य इमारत उभी राहिली. तिची चित्रे राज्याच्या वैभवाचा दाखला म्हणून सगळीकडे गेली. मुलांसाठी खास रुग्णालय यायला १९५३ उजाडले. निजामाची सून, तुर्की राजघराण्यातली निलोफर, हिची दासी १९४९ मध्ये बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून निलोफरने हाती घेतलेल्या कामाचे फळ म्हणजे हैदराबादचे निलोफर रुग्णालय. वालूर त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे कागदोपत्री का होईना, ते वालूरच्याही लेकरांचे रुग्णालय होते. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले, आणि निलोफर रुग्णालय परराज्यात राहिले.

भाषावार राज्याबद्दल तक्रार म्हणून हे सांगत नाही. मराठवाड्याने ते राज्य मनापासून मागितले होते. पण वाटणीत निलोफरच्या तोडीची, केवळ माता-बालकांची संस्था मराठवाड्याकडे आली नाही, हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. औरंगाबादला त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेच ‘घाटी’ म्हणून पुढे आठ जिल्ह्यांचा आधार झाले; सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला आणि १९८८ मध्ये नांदेडला महाविद्यालये आली. परभणीला स्वतःचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२३ साल लागले. या सगळ्या ठिकाणी मुलांचा कक्ष हा मोठ्या रुग्णालयाचा एक भाग. आधी शेकडो माणसांची गर्दी, मग कुठल्यातरी जिन्यापलीकडे मुलांचा वॉर्ड. वालूरहून गेलेल्या माणसाला बालरुग्णालय नव्हे, बालरुग्णालयापर्यंतचा रस्ताच आधी सापडावा लागतो. मोठ्या शहरातल्या टुमदार बालरुग्णालयापेक्षा अशा ठिकाणी आधी दाखवण्याची गरज जास्त आहे ती त्यामुळे.

दाखवल्याने रुग्णालय बदलले याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५२ चे आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा दाखल मुलाला आईबापांनी आठवड्यातून एकदाच भेटावे, काही ठिकाणी तर भेटूच नये, असा शिरस्ता होता. आई गेली की मूल रडते, नंतर ‘शांत’ होते, म्हणजे ते रुळले, असे डॉक्टर मानत. जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्याला ते पटत नव्हते. त्याने हातातल्या साध्या कॅमेऱ्याने अडीच वर्षांची एक मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते याचे चित्रण केले. मूल मुद्दाम निवडले नाही. चित्रणाच्या वेळाही ठरवून घेतल्या आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत येईल असे पाहिले, म्हणजे रडण्याचेच तेवढे प्रसंग उचलले असे कोणी म्हणू नये. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये चित्रपट दाखवला तेव्हा जमलेले डॉक्टर संतापले. हा रुग्णालयांवरचा अन्याय आहे असे त्यांचे म्हणणे होते. पण पडद्यावर दिसलेली ती ‘शांत’ मुलगी रुळलेली नव्हती, खचलेली होती. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, सरकारी प्लॅट समितीने आईबापांना केव्हाही भेटू द्यावे, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. नाइटिंगेलचा सवाल इथे परत आला होता. रॉबर्टसनने डिकन्ससारखे रुग्णालय फिरवून दाखवले नाही. मुलाच्या उंचीवरून ते कसे भासते एवढेच दाखवले.

आपल्याकडचा माणूस यावर म्हणेल की आमच्या दवाखान्यांत आई मुलापासून तुटलीच कधी? खरे आहे. इथल्या सरकारी वॉर्डात मुलासोबत आई, आईसोबत आजी आणि व्हरांड्यात मामा हे चित्र जुने आहे. मिरजेपासून मुंबईपर्यंत रुग्णाबरोबर येणाऱ्या घरच्या माणसांना रुग्णालयाने गृहीत धरले, आणि जिथे धरले नाही तिथे समाजाने सोय केली, जे. जे. रुग्णालयाच्या आवारात गाडगेबाबांनी बांधवलेली धर्मशाळा ही त्याचीच साक्ष. पण नवजात अर्भकांचे अतिदक्षता कक्ष आले तेव्हा आपणही जंतुसंसर्गाच्या भीतीने आईला काचेबाहेर उभे केले. ते दार परत किलकिले व्हायला पुरावे लागले. कुटुंबाला बाळाच्या देखभालीत सामील करून घेण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१७ मध्ये आल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने तर, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, कमी वजनाच्या बाळांना जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवले तर मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी होतात हे दाखवून दिले. आई ही मुलाला भेटायला आलेली पाहुणी नाही, उपचाराचा भाग आहे. तेव्हा आईला वगळून काढलेले बालरुग्णालयाचे कोणतेही चित्र वैद्यकीय दृष्टीनेसुद्धा अपुरे ठरते.

आणि नेमकी इथेच चौफेर चित्रणाची अडचण आहे. असे चित्र काढताना कॅमेरा तिपाईवर भिंगाच्या एका नेमक्या बिंदूभोवती फिरवतात, एकमेकांवर थोडी थोडी चढणारी छायाचित्रे घेतात आणि ती संगणकावर सांधून उंचीच्या दुप्पट रुंदीचा एकच पट करतात. आता दोन भिंगांचे छोटे कॅमेरे हे एका फटक्यात करतात. १९९०च्या दशकात अ‍ॅपलच्या क्विकटाइम व्हीआरने संगणकावर अशी चित्रे फिरवून पाहायची सोय आणली आणि २००७ पासून गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूने रस्त्यांना ती लावली. भारतात स्ट्रीट व्ह्यू २०११ मध्ये अडले आणि २०२२ मध्ये दहा शहरांपासून पुन्हा सुरू झाले. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते, मराठवाड्यातले एकही नाही. या चित्राला कडा नसते, म्हणून छायाचित्रकाराला नको ती गोष्ट चौकटीबाहेर ढकलता येत नाही. मग सोपा उपाय काढला जातो: खोलीच रिकामी करायची. वॉर्ड सकाळी धुऊन, चादरी ताणून, माणसे बाहेर घालवून चित्रण होते. पाहणाऱ्याला दिसतो तो माणसाविना चकचकीत कक्ष, आणि व्हरांड्यातल्या वळकट्या, खिडकीतले डबे, सलाइनची बाटली धरून उभी मावशी यांपैकी काही नाही. खासगी रुग्णालयांच्या व्हर्च्युअल टूर बहुधा स्वागतकक्षापासून सुरू होतात आणि डीलक्स खोलीत संपतात. डिकन्सच्या वाटेवरचेच हे पुढचे पाऊल, फक्त देणगीदाराच्या जागी आता गिऱ्हाईक आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आणि तिखट आहे. आधी डॉक्टर, परिचारिका, यंत्रे द्या, मग चित्रे काढा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत १० बाळे गेली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती. अशा ठिकाणी टूर कसली करता, असे कोणी विचारले तर त्याला हसता येणार नाही. शिवाय डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९९९ च्या आपल्या निबंधात हेही दाखवले आहे की गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन काळजी घेतली तर नवजात मृत्यू निम्म्याहून खाली येतात. म्हणजे पैसा रुग्णालयाच्या चित्रापेक्षा गावात घालवणे शहाणपणाचे. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की आक्षेप दोन वेगळ्या गोष्टींची स्पर्धा लावतो. चित्रणाचा खर्च एका व्हेंटिलेटरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आणि कडा नसलेले, तारीख घातलेले चित्र हा पुरावाही असतो. बाहेर पडायचे दुसरे दार आहे की कपाटाने अडवले आहे, अग्निशामक नळकांडे भिंतीवर आहे की नाही, एका पाळण्यात किती बाळे आहेत, हे चित्राने बोलते करता येते. रॉबर्टसनने घड्याळ चौकटीत घेतले त्याचे कारण हेच होते. दरवर्षी, आधी न कळवता, नव्याने काढायचे असे बंधन घातले तर व्हर्च्युअल टूर ही तपासणीच होईल. तशी ती कोणत्या अधीक्षकाला आवडेल हा वेगळा प्रश्न. रॉबर्टसनचा चित्रपटही डॉक्टरांना आवडला नव्हताच.

दुसरा आक्षेप असा, की मूल फणफणलेले असताना, झटके येत असताना, फोनवर टूर कोण बघत बसणार? १०८ ची गाडी बोलवायची की बोट फिरवायचे? पण सगळी मुले अशी अचानक जात नाहीत. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी होते आणि हृदयाचे दोष, फाटलेला ओठ, तिरळेपणा, वाकडे पाऊल असलेली मुले ठरलेल्या तारखेला शस्त्रक्रियेसाठी पाठवली जातात. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्यात दिवस असतात, कधी महिने. याच काळात घर कच खाते. मुंबई माहीत नाही, तिथे कोण ओळखीचे, लेकराला कुठे नेऊन ठेवतील, अशा बोलण्यात तारीख निघून जाते. आजीचा नकार तर बहुधा न पाहिलेल्या जागेलाच असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपण कुठे जाणार आहोत हे आधी दाखवले तर त्याची भीती उतरते, हे बालरोगतज्ज्ञांना नवे नाही. पाहण्याचा खरा उपयोग या दिवसांत आहे.

खासगीपणाचा प्रश्न तितका सहज सुटत नाही. आजारी मुलाचा चेहरा जगापुढे मांडायचा अधिकार कोणालाच नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची खातरजमा केलेली संमती सक्तीची केली आहे. आणि सरकारी वॉर्डात, डॉक्टरापुढे हात जोडून उभ्या बापाने दिलेल्या होकाराला संमती म्हणावे का, हाही प्रश्न आहेच. म्हणून रुग्ण मुले चित्रात नसावीत, हे बरोबर. पण रुग्ण नसणे म्हणजे माणूस नसणे नव्हे. परिचारिका असाव्यात, मावशी असाव्यात, आईच्या जागी बसलेली एखादी कर्मचारी असावी, खाटेखालची पिशवी असावी. कामा रुग्णालयाने बाईला परक्या नजरेपासून आडोसा दिला, तरी रुग्णालय बायकांसाठीच राहिले. तोच तोल इथे साधायचा आहे. राहिला फोनचा मुद्दा. वालूरसारख्या मोठ्या गावात स्मार्टफोन आहेत, पण ते सहसा बाईच्या हातात नसतात आणि जड चित्रे उघडायला नेटवर्क पुरत नाही, हे खरे. त्यासाठी टूर संकेतस्थळावर टाकून मोकळे होता येणार नाही. ती आशा कार्यकर्तीच्या फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावी लागेल, आणि अंगणवाडीत चार आया जमल्या असताना मराठीत बोलून दाखवावी लागेल. पटवर्धन चित्रांची पेटी घेऊन लोकांकडे गेले होते. तेवढे तरी करावेच लागेल.

मग तिच्यात काय असावे, याची यादी वैद्यकीय संचालनालयाने नव्हे, जाऊन आलेल्या आयांनी करावी. माझ्या मते सुरुवात दर्शनी कमानीपासून नको, एसटी जिथे सोडते त्या थांब्यापासून हवी. केसपेपरची खिडकी आणि ती केव्हा उघडते, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचे टेबल, मुलांचा वॉर्ड कुठल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल तर जिना कुठला, रक्तपेढी, औषधाचे दुकान, पिण्याचे पाणी, बायकांचे स्वच्छतागृह, रात्री बापाला जिथे पडता येईल ती जागा. शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत आईला येता येते का आणि बाहेर आल्यावर मूल तिला कुठे भेटते, ते सर्वांत महत्त्वाचे. आणि हे सगळे उभ्या डॉक्टरच्या नव्हे, कडेवरच्या मुलाच्या उंचीवरून. दोनेक ठिकाणी कॅमेरा पाळण्याएवढ्या उंचीवर ठेवला तर छत, दिवे आणि वाकून बघणारे चेहरे एवढेच दिसतील, आणि ते तसेच राहू द्यावे.

परभणीचे वैद्यकीय महाविद्यालय नवे आहे. त्याच्या अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी वालूर, सेलू, जिंतूर, पाथरीच्या दहा-वीस आया बोलावून मुलांच्या वॉर्डाचे असे चित्रण करायला घ्यावे. घाटीने आणि नांदेडने त्यामागून करावे, आणि मराठवाड्यातली मुले शस्त्रक्रियेसाठी जिथे सर्वाधिक पाठवली जातात त्या मुंबईच्या रुग्णालयांकडे राज्य सरकारने ते मागावे. उद्घाटनाची फीत आणि मंत्र्यांचा फोटो त्यात घालू नये.